दारावर लिहिलं होतं

मंगळवेढ्याला मी हौसेनं गेले नाही. आमच्या अभ्यासक्रमात क्षेत्रभेट असते आणि तिला गुण असतात, म्हणून गेले. परत आल्यापासून मैत्रिणी विचारतायत, "काय गं, कसं होतं तिकडे? नुसतं ऊनच ना?" त्यांना दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही आणि तिसऱ्या वाक्यापर्यंत कुणी थांबत नाही. म्हणून शेवटी लिहायलाच बसले.

आधी माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण या प्रवासात घोळ घातला तो मीच. मी चिपळूणजवळच्या एका वाडीतली. पुण्यात सहा वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या. पूर्वपरीक्षा पास व्हायचे, मुख्य परीक्षेत अडकायचे, आणि पुन्हा त्याच अभ्यासिकेत त्याच खुर्चीत येऊन बसायचे. एक दिवस ती खुर्चीच मोडली. तो मी इशारा समजले आणि विद्यापीठात सार्वजनिक धोरणाच्या एम.ए.ला प्रवेश घेतला. सरकारी सेवेत जायचं तर आधी सरकार चालतं कसं ते नीट शिकून घ्यावं, असा विचार होता. घरी सांगितलं तेव्हा बाबांनी विचारलं, "म्हणजे शिकून झाल्यावर तू सरकार चालवणार, की सरकार कसं चालवायचं ते सरकारला सांगणार?" मी म्हटलं, "दुसरं." "मग सरकारचं कठीण आहे," असं म्हणून ते गोठ्याकडे निघून गेले.

काम असं होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या ज्या अंगणवाड्यांत मुलं कमी येतात, त्या शेजारच्या मोठ्या गावातल्या अंगणवाडीत विलीन करायच्या की नाही, याचा विचार चालू होता. आम्ही दहा विद्यार्थी दहा गावांत जाणार, पाहणी करणार आणि शुक्रवारी सोलापुरात अधिकाऱ्यांपुढे निष्कर्ष मांडणार. पाहणीचा फॉर्म मोबाइलवर होता. पाहणी कशी करायची याची एक पुस्तिकाही आम्हीच तयार केली होती. तिच्यातला सातवा नियम माझा: "भेटीची पूर्वकल्पना गावात कोणालाही देऊ नये, तसेच केंद्राविषयी ग्रामस्थांशी आधी चर्चा करू नये." वर्गात या नियमाचं कौतुक झालं होतं. मी पुढचे दोन दिवस मान जरा ताठच ठेवून फिरत होते.

सोलापूर, शनिवार

स्टेशनबाहेर पाऊल टाकलं तेव्हा फेब्रुवारी अर्धा सरला होता. पुण्यात अंगावर स्वेटर होता, इथे तो हातात आला. रिक्षावाले चाचा "कां जाना है बेटी?" म्हणाले आणि मी पत्ता सांगायच्या आतच माझी बॅग आत ठेवून मोकळे झाले. वाटेत त्यांनी मला तीन गोष्टी बजावल्या: शेंगाची चटणी अमुक गल्लीतूनच घ्यायची, चादर घेताना आधी ती उजेडात धरून बघायची, आणि मंगळवेढ्याकडे जाणार असाल तर डोक्याला काहीतरी बांधायचं. पहिल्या दोन गोष्टी मी पाळल्या.

त्या दिवशी दुपारी जेवायला पानात कडक भाकरी आली. ती पापडासारखी मोडते. वर दही, चटणी आणि कच्चा कांदा. आमच्याकडे भाकरी म्हणजे तांदळाची, पांढरी आणि मऊ, हातात लवते. ही माझ्याशी भांडायलाच बसली होती. तिसऱ्या घासाला आमचं जमलं आणि मग मी आणखी दोन मागवल्या.

मंगळवेढ्याच्या पुढे, रविवार

मंगळवेढ्यापर्यंत एसटी, तिथून पुढे वडाप. वडाप म्हणजे माणसं मावेनाशी झाली की सुटणारी जीप. माझ्या मांडीवर कुणाची तरी खताची पिशवी होती आणि खिडकीबाहेर ज्वारी. ज्वारीचं शिवार मी आधी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे जमीन म्हणजे डोंगराला पायऱ्या पाडून काढलेले तुकडे. चार पावलं टाकली की बांध. इथे काळी सपाट जमीन पार आभाळाला जाऊन भिडते आणि तिच्यावर माणसापेक्षा उंच ज्वारी, पिवळी पडलेली, कणसांनी वाकलेली. पावसाचं म्हणाल तर या ज्वारीला तो जवळजवळ लागतच नाही. थंडीच्या दंवावर आणि काळ्या मातीच्या ओलीवर ती येते, हे जीपमधल्या म्हातारबांनी मला सांगितलं. वर्षाला शंभर-शंभर इंच पाऊस बघितलेल्या मुलीला हे पटायला वेळ लागला.

गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. शंभरेक उंबरे, एक मठ, एक पाण्याची टाकी. माझी राहण्याची सोय सिद्रामअप्पा आणि गौराक्का यांच्याकडे होती. दोघं साठीच्या पुढचे. माझ्याशी मराठीत बोलायचे आणि आपसात भांडायचे कानडीत. त्यामुळे भांडण कशावरून चाललंय ते मला कधी कळलं नाही, पण दर वेळी गौराक्काच जिंकायच्या हे मात्र कळायचं.

पहिल्याच जेवणात मी भात नाही का, असं विचारून बसले. गौराक्कांनी लगेच माझ्या कपाळाला हात लावला. "अंगात कणकण हाय का गं पोरी?"

"नाही हो. आमच्याकडे रोज भातच असतो."

"रोज?" त्यांनी सिद्रामअप्पांकडे पाहिलं. "मंग रोज आजारीच असत्यात का काय तिकडं?"

भात पचायला हलका, म्हणून तो आजारी माणसाचा. मी निमूटपणे तीन भाकऱ्या आणि हुलग्याचं माडगं संपवलं. माडगं म्हणजे कुळथाच्या पिठाचं पातळ, लसणाचा ठसका असलेलं. आमचं कुळथाचं पिठलं आठवलं आणि एकदम घरच्यासारखं वाटलं. हुलगा म्हणजे आपला कुळीथच, हे कळल्यावर तर गौराक्का माझ्या लांबच्या मावशीच लागायला लागल्या.

सोमवार आणि मंगळवार: कुलूप

सोमवारी सकाळी उठले तेव्हा घर रिकामं. चुलीजवळ दुरडीत भाकऱ्या झाकून ठेवलेल्या. दोघं दिवस उगवायच्या आत रानात गेले होते. मी कुठे चाललेय ते गौराक्कांना सांगितलं नव्हतं. सातवा नियम.

साडेदहाला अंगणवाडीपाशी पोचले. एक खोली, भिंतीवर रंगवलेलं कमळ, लाकडी दार, दाराला कुलूप. आसपास चिटपाखरू नाही. दारावर खडूनं लिहिलं होतं: "आज म्हेत्रेंचं रान, ओढ्याकडं." मजुरांनी एकमेकांसाठी ठेवलेला निरोप असावा, असं मला वाटलं. सरकारी दाराचा फळा केलाय म्हणून थोडा रागही आला. पंधरा मिनिटं थांबले, दाराचा फोटो काढला आणि परत आले.

मंगळवारी पुन्हा गेले. पुन्हा कुलूप. दारावर आता दुसरा मजकूर: "आज पाटलांचं रान, विहिरीजवळ." पुन्हा फोटो.

जिल्ह्याच्या यादीत या अंगणवाडीत रोज अठरा मुलं हजर असल्याची नोंद होती. इथे तर दारालाच कुलूप. माझ्या डोक्यात सगळं स्पष्ट झालं. सहा वर्षं परीक्षेसाठी जे निबंध लिहिले होते त्यांतला एक डोळ्यांपुढे जिवंत उभा होता आणि तो मीच पकडला होता. मठाच्या पायरीवर बसून मी फॉर्म भरला. केंद्राची स्थिती: बंद. हजेरी: खोटी असण्याची दाट शक्यता. शेरा: "दरवाजावर खडूने असंबद्ध मजकूर लिहिलेला आढळला. देखभालीचा पूर्ण अभाव." फोटो जोडले. फोननं विचारलं, "पाठवल्यानंतर बदल करता येणार नाही. पाठवायचे?" मी पाठवला. खरं सांगते, मला त्या क्षणी फार छान वाटलं.

बुधवार: गौराक्कांचं रान

फॉर्म गेला तसा सातवा नियमही संपला. आता मोकळी झाले म्हणून मंगळवारीच संध्याकाळी गौराक्कांना म्हटलं, "उद्या मीपण रानात येते."

"ये की. उद्या आपलीच पाळी हाय."

पाळी कशाची, तर सावडीची. आठ घरांनी मिळून ज्वारी काढायची. आज एकाचं रान, उद्या दुसऱ्याचं. मजूर मिळत नाहीत आणि ज्वारी तर थांबत नाही, म्हणून आठही घरं एकमेकांच्या रानात फिरतात. कुणाची पाळी कधी, ते आदल्या संध्याकाळी ठरतं. आमच्याकडे भातलावणीला हेच चालतं, फक्त गुडघाभर चिखलात.

ज्वारी इथे कापत नाहीत, मुळासकट उपटतात. दोन्ही हातांनी ताट, म्हणजे ज्वारीचा धांडा, धरायचं, जरा पिळायचं आणि ओढायचं. गौराक्का ओढायच्या तर ते अलगद यायचं. मी ओढलं तर मी मागे पडले आणि ताट तिथंच. आठ घरच्या बायका हसून हसून बसल्या. तासाभरात माझ्या तळहाताला फोड आले, आणि मी पाणी प्यायच्या निमित्तानं कडुलिंबाच्या झाडाकडे निघाले.

तेवढ्यात बडबडगीत ऐकू आलं. दहा-पंधरा लहान आवाज, सगळे वेगवेगळ्या सुरांत.

लिंबाखाली गोधडी अंथरलेली होती आणि तिच्यावर मुलं ओळीत बसली होती. दोन झोळ्या फांदीला, त्यांत तान्ही. तिसऱ्या फांदीला वजनकाटा टांगलेला आणि त्यात एक मुलगी पाय हलवत लोंबकळत होती. बाजूला खिचडीचं पातेलं, फडक्यानं बांधलेलं. पंचेचाळिशीच्या एक बाई काट्यावरचा आकडा बघून मांडीवरच्या वहीत लिहीत होत्या. मी मोजलं. वजनकाट्यातली धरून अठरा.

बाईंनी वर पाहिलं. "या की म्याडम. तुमीच व्हय त्या पुण्याच्या? काल आन् परवा दाराकडं येऊन ग्येला म्हणं."

या शोभाताई, अंगणवाडीच्या सेविका.  मी म्हटलं, "तिथे कुलूप होतं."

"कुलूप असणारच की. सगळ्या आया रानात. घरी कोण न्हाय, मंग पोरास्नी शाळेत आणून कोण सोडंल आन् न्हिईल कोण? काढणीच्या दिसात आमी रानातच भरवतो. जिथं सावड तिथं शाळा."

"पण कुणाला कळणार कसं?"

त्यांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं. "दारावर लिवलं हुतं की."

मी तिथंच गोधडीच्या कडेला बसले. म्हेत्रेंचं रान, ओढ्याकडं. पाटलांचं रान, विहिरीजवळ. मजुरांचा निरोप नव्हता तो. अंगणवाडीचा पत्ता होता. मी तो दोन दिवस वाचला, त्याचे फोटो काढले आणि वर असंबद्ध म्हणून शेरा मारला. सगळ्यात लाजिरवाणं हे की मी स्वतः लावणीच्या दिवसांत बांधावर इरल्याखाली बसून वाढलेली. माझी आई चिखलात वाकलेली असायची आणि मी बेडूक मोजायचे. दाराला कुलूप असलं की मुलं आयांजवळ असतात, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. विद्यापीठानंही ते विसर असं मला सांगितलेलं नव्हतं. ते माझं मीच विसरले.

मी शोभाताईंना सगळं सांगितलं. फॉर्म, शेरा, खोटी हजेरी हा शब्दसुद्धा. शुक्रवारी ते सोलापुरात मोठ्या पडद्यावर दिसणार आहे हेही.

 वजनकाट्यातल्या मुलीला त्यांनी खाली उतरवलं, तिचा फ्रॉक सारखा केला. मग म्हणाल्या, "एकोणीस वर्सं झाली म्याडम मला. आता शाळा जोडायची म्हणत्यात त्या पल्याडच्या गावाला. मधी ओढा हाय. तीन वर्साचं पोरगं ओढा वलांडून जाईल व्हय? आन् तुमी तर खोटी हजेरी लिवली. म्हंजी शाळाबी गेली आन् माजं नावबी गेलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घाईघाईनं म्हटलं, "मी सांगते ना त्यांना. सांगते की माझीच चूक झाली. दार उघडं होतं, मी चुकीच्या वेळी गेले."

"आवं, खोटं नगं!" त्या एकदम कडाडल्या. पोरं गप्प झाली. "दार बंदच हुतं. नियम हाय की शाळा खोलीत भरवायची, आन् मी भरवली रानात. ते बी सांगा. दार बंद हुतं आन् पोरं रानात हुती. दोनीबी सांगा. मंग जे व्हायचं ते हुईल."

खिचडी वाढायची वेळ झाली होती. त्यांनी मलाही एका ताटलीत वाढली. मी ती सगळी खाल्ली. आणि खरोखर, ती चांगली झाली होती.

गुरुवार

गुरुवारी सकाळी मी शोभाताईंबरोबर दारापाशी गेले. त्यांनी ओल्या फडक्यानं कालचा मजकूर पुसला आणि नवा लिहिला. अक्षर वळणदार. खाली कोपऱ्यात बारीक तारीख. ती बारीक तारीख मला सोमवारी दिसली नव्हती, मंगळवारीही नाही.

"हे कधीपासून करता?"

"पयल्या वर्षापास्नं. एक आज्जा नातीला घ्यायला आला आन् कुलूप बघून रडायला लागला. तवापास्नं लिवते."

दुपारी टाकीखाली उभं राहून आमच्या मार्गदर्शक मॅडमना फोन केला, कारण बोलण्याइतकी रेंज गावात फक्त तिथंच. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "फॉर्म मागे घेता येणार नाही. तुझा फोटो बंद केंद्रांचा नमुना म्हणून सादरीकरणात टाकलाय."

"तो काढता येईल ना?"

"येईल. पण काढू नये असं मला वाटतं. तो राहू दे. ती स्लाइड तू मांड."

मला त्यांचा राग आला. रात्रभर टिकला, आणि सकाळी एसटीत बसले तेव्हा गेला. निघताना गौराक्कांनी भाकऱ्यांचं गाठोडं दिलं, आणि वर एक पुडी. "ही काय?" विचारलं तर म्हणाल्या, "हुलग्याचं पीठ. तिकडं भात खाऊन खाऊन आशक्त व्हशील."

सोलापूर, शुक्रवार

सभागृहात पंखे जोरात फिरत होते आणि कागद उडत होते. समोरच्या रांगेत चार-पाच अधिकारी. मधल्या खुर्चीत ज्या मॅडम होत्या, निर्णय त्यांच्या हातात होता, हे सगळ्यांच्या बसण्यावरून कळत होतं. पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेले, चष्मा नाकावर खाली.

माझी स्लाइड आली. पडद्यावर भिंतीएवढं ते दार, कुलूप, आणि खाली माझा शेरा. मागच्या रांगेत कुणीतरी "देखभालीचा पूर्ण अभाव" हे मोठ्यानं वाचलंही.

मी उभी राहिले. हातातला कागद टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "हा फोटो मी काढलाय. हा शेरा मी लिहिलाय आणि तो चुकीचा आहे. दार बंद होतं हे खरं. पण त्या वेळी त्या अंगणवाडीची अठरा मुलं कुठे होती, ते या फोटोतच लिहिलंय. मी ते वाचलं आणि मला कळलं नाही."

मॅडमनी चष्मा वर सरकवला. "मोठा करा फोटो. खडूचा भाग."

पडद्यावर अक्षरं पसरली. त्यांनी शांतपणे वाचलं. "आज म्हेत्रेंचं रान, ओढ्याकडं." मग थोडं पुढे झुकल्या. "तारीखसुद्धा टाकलीय."

मग मी सगळं सांगितलं: सावड, पाळी, लिंबाच्या फांदीला टांगलेला काटा, खिचडी. नियम मोडलाय हेही सांगितलं, कारण शोभाताईंनी तसं बजावलं होतं. आमच्या पुस्तिकेतला सातवा नियम कुणाचा आणि त्यामुळे मी गावात एका माणसालाही साधा प्रश्न कसा विचारला नाही, तेही सांगून टाकलं. एक अधिकारी म्हणाले, "पण इमारत असताना बाहेर भरवणं म्हणजे..."

"थांबा हो," मॅडम म्हणाल्या. "माझी आई उसाच्या फडात असायची. मी कुठे असायचे असं वाटतं तुम्हाला?"  त्या माझ्याकडे वळल्या. "उद्या कुणाचं रान?"

मला माहीत नव्हतं. तिथंच सगळ्यांसमोर स्पीकरवर फोन लावला. शोभाताईंनी तो चौथ्या घंटेला उचलला. मागून वाऱ्याचा आणि बायकांचा आवाज.

"शोभाताई, उद्या कुणाची पाळी?"

"उद्या व्हय? उद्या बिराजदारांचं रान. का वं?"

"इथल्या मोठ्या मॅडम यायचं म्हणतायत."

 उत्तर आलं ते सगळ्या सभागृहानं ऐकलं. "येऊ द्या की. पर म्हणावं, डोईला कायतरी बांधून या. ऊन लई हाय."

मग

शनिवारी मी पुण्याच्या गाडीत होते. दौंडच्या आसपास फोन वाजला. फोटो आला होता. तेच दार, तेच कुलूप, आणि नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात: "आज बिराजदारांचं रान, मोठ्या लिंबाखाली. म्याडम, ओढ्याकडनं या, हिकडनं काटं हायत."

पुढचं मी पाहिलं नाही, शोभाताईंकडून ऐकलं. मॅडम आल्या. डोक्याला टॉवेल होता. मुलं त्यांनी दोनदा मोजली, वजनाची वही पानापानानं पाहिली, झोळीला झोका दिला आणि खिचडी मागून खाल्ली. जाताना म्हणाल्या की काढणीच्या दिवसांत मुलांवर सावलीला जाड कापड आणि पाण्यासाठी झाकणाचं पिंप देऊ. आणि दारावर लिहायचं सोडू नका. महिन्याभरानं यादी आली. विलीनीकरणात त्या गावाचं नाव नव्हतं. आमच्या पुस्तिकेत सातवा नियम आता नाही. त्याच्या जागी एक प्रश्न आहे, फॉर्मच्या अगदी सुरुवातीला: "केंद्र आज कुठे भरले आहे? गावात विचारा." तो मीच लिहिलाय. या वेळी वर्गात कुणी कौतुक केलं नाही, पण कुणी हरकतही घेतली नाही.

जुना फॉर्म मार्गदर्शक मॅडमनी खटपट करून पुन्हा उघडून घेतला होता आणि मी तो नव्यानं भरला होता. यादी आली त्या दिवशी मी विद्यापीठाच्या अभ्यासिकेतून बाहेर येऊन शोभाताईंना फोन केला. बातमी त्यांना आधीच कळली होती. त्या रानातच होत्या. ज्वारी संपली होती, आता हरभऱ्याचं काम चाललं होतं.

"त्ये ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तुमच्या त्या फारमात आता काय लिवलंय ते सांगा."

"केंद्राची स्थिती: सुरू," मी वाचून दाखवलं. "हजेरी: अठरा. खरी."

त्यांनी फोन तोंडापासून लांब धरला असावा, कारण आवाज एकदम मोकळ्या रानात गेला. "ऐकलं का गं बायांनो! आपली शाळा सुरू हाय म्हणं!"

लांबून, बहुतेक शेताच्या दुसऱ्या टोकाकडून, गौराक्कांचा आवाज आला. "आगं बया! मंग इतकी वर्सं बंद हुती व्हय?"

आणि मग आठ घरच्या बायका हसल्या. ते हसणं फोनमधून एवढं मोठं आलं की अभ्यासिकेच्या दारातल्या मुलानं मला बोटानं गप्प राहायची खूण केली. मला काही गप्प राहता आलं नाही.